नमुना क्रमांक चार

कर्वेनगर, पुणे
१० ऑक्टोबर २०००

चि. नम्रता हिस,

पत्राच्या सुरुवातीला सर्व क्षेम असल्याचं लिहायचं असतं. सर्व नाही, पण बरंचसं आहे. दसऱ्याला आईने श्रीखंड केलं होतं, बाबांनी दोन चमचे खाल्लं. संध्याकाळी सोनं वाटायला खाली उतरले आणि वर येताना पहिल्या मजल्यावर जरा टेकले. लिफ्टच्या वर्गणीवरून सोसायटीत अजून भांडण चालू आहे.

तुझी ई-मेल मिळाली. आमच्या प्रयोगशाळेत ई-मेल एकाच संगणकावर येते आणि ऑफिसमधले बजरंग ती छापून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवतात. तुझं पत्र माझ्याआधी निदान तिघांनी वाचलं. त्यातल्या एकाने "वडिलांना अमेरिकेला नेणार वाटतं?" असं विचारलंही. म्हणून उत्तर टपालाने देते आहे. ह्यूस्टनला पोहोचायला वेळ लागेल, पण घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

बाबांच्या पांढऱ्या पेशी आता सात हजार आहेत, म्हणजे तुझ्या-माझ्याएवढ्या. गेल्या वर्षी ल्युकेमियाचं निदान झालं तेव्हा त्या दीड लाखाच्या वर होत्या. वाढलेली प्लीहा आता हाताला लागत नाही. इंटरफेरॉनचं इंजेक्शन रोज चालू आहे. सदाशिव पेठेतल्या औषधवाल्याकडून मी ते थर्मासमध्ये बर्फ घालून आणते आणि जेवणानंतर मीच देते. सुरुवातीला यायचा तसा ताप आता येत नाही. थकवा आहे. मंडईत जाणं त्यांनी बंद केलं आहे. हे सगळे आकडे खरे आहेत, हवे तर डॉ. टिळेकरांना विचार.

इतकं जुनं औषध अजून का देता, असं तू लिहिलं आहेस. ते जुनं आहे कारण ते शरीराचंच आहे. एका पेशीने शेजारच्या पेशीला पाठवलेला हा निरोप असतो: धोका आहे, वाढ थांबव. कर्करोगाच्या काही पेशी हा निरोप ऐकतात आणि वाढायच्या थांबतात. काही ऐकत नाहीत. त्या का ऐकत नाहीत, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. बाबांना आजार झाला त्याच्या दोन वर्षं आधीपासून तो माझा विषय आहे, हेही लक्षात असू दे.

बाबांना मी हे समजावून सांगितलं होतं. जन्म टेलिफोन खात्यात गेल्यामुळे त्यांना ते लगेच कळलं. "म्हणजे रिंग जाते, पण कोणी उचलत नाही?"

मी म्हटलं, "उचलतात. पण पुढे खोलीत निरोप देत नाहीत."

"मग लाइन ठीक आहे. फॉल्ट सबस्क्रायबरकडे," असं म्हणून ते कुशीवर वळले.

आता तू लिहिलेल्या त्या नव्या गोळीबद्दल. तिच्याविषयी मी गेल्या डिसेंबरपासून वाचते आहे. तू गेल्या आठवड्यापासून वाचते आहेस. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र तुला आवडलं नाही, तू कर्वे रोडवर संगणकाचा कोर्स केलास आणि वर्षभरात विमानात बसलीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोडलेल्या विषयात इंटरनेटच्या खिडकीतून परत शिरता येतं, असं मला वाटत नाही. ह्यूस्टनच्या इस्पितळात त्या गोळीचा प्रयोग चालू आहे, त्यात फक्त असेच रुग्ण घेतात, ज्यांच्या बाबतीत इंटरफेरॉन निष्फळ ठरलं आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. बाबांच्या बाबतीत तो शब्द वापरायची वेळ आलेली नाही. मी शब्द जपून वापरते.

सप्टेंबरमधल्या अस्थिमज्जेच्या तपासणीचं तू विचारलंस. तो अहवाल डॉ. टिळेकरांकडे आहे. ते काय म्हणतात ते नंतर कळवीन.

शनिवारी सकाळी तुझा फोन येतो म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. फोनवर शर्ट दिसत नाही, असं मी एकदा म्हटलं. "आवाजात दिसतो," म्हणाले. मी इंजेक्शन घेऊन जाते तेव्हा त्यांच्या अंगात बनियन असतो. सांगायचं एवढंच, की फोन वेळेवर करत जा.

उत्कर्षा


कर्वेनगर, पुणे
२ डिसेंबर २०००

नम्रता,

आज तू माझ्याशी न बोलता बाबांशी परस्पर गोळीबद्दल बोललीस. मी तेव्हा आंघोळीला गेले होते. ती वेळ तुला ठाऊक नव्हती असं मी समजते.

आईने मला दारातच गाठलं. "नमू म्हणते, तिकडे नवीन गोळी निघालीय. नमू म्हणते, सुया नकोत, काही नकोत. नमू म्हणते, तिकीट ती काढेल."

"आणि बाबा काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते काय म्हणणार. म्हणाले, उत्कर्षाचं औषध चालू आहे."

तुला हे त्यांच्याकडून कळलंच आहे, तरी मी मुद्दाम लिहिते आहे. उत्कर्षाचं औषध. ते ऐकून मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहिलं तर ते मला शोभत नाही असं तुला वाटेल, म्हणून लिहीत नाही.

डॉ. टिळेकरांनी डोस वाढवला आहे. काही रुग्णांमध्ये परिणाम उशिरा दिसतो, त्यावर लेख आहेत, त्यांच्या प्रती मीच त्यांना दिल्या. वाढवलेल्या डोसने बाबांची चव गेली आहे, ती परत येईल. त्यांना फोनवर तिकडच्या रुंद रस्त्यांची आणि तुझ्या-सुदर्शनच्या घराची वर्णनं ऐकवत जाऊ नकोस. नंतर ते बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसतात. आईला वाटतं ते खूश आहेत.

पुढच्या आठवड्यात मी परिषदेसाठी हैदराबादला जाते आहे. तिथे भिंतीवर माझ्या प्रयोगांचा तक्ता लागणार आहे. आलेख आणि फोटो छापून आणले आणि पुठ्ठ्यावर चिकटवायला बाबांकडे दिले. त्यांनी फूटपट्टी लावून, पेन्सिलीच्या रेघा आखून एकेक कागद बसवला आणि मग रेघा खोडल्या. असं काम दिलं की दोन तास त्यांचा थकवा जातो. तुझ्याकडे गेले तर त्यांना असं काम कोण देणार आहे?

सुदर्शनना नमस्कार.

उत्कर्षा


कर्वेनगर, पुणे
२१ जानेवारी २००१

प्रिय नमू,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर डॉ. टिळेकरांचं पत्र फॅक्सने तुझ्याकडे आणि त्या इस्पितळाकडे पोहोचून बरेच दिवस झालेले असतील. त्यात लिहिलं आहे, की रुग्णाचा ल्युकेमिया इंटरफेरॉनला प्रतिसाद देत नाही. त्या पत्रावर सही डॉक्टरांची आहे, पण वाक्य माझं आहे. ते म्हणाले, "मॅडम, हा तुमचा विषय. तुम्ही लिहून आणा, मी सही करतो." मी ते तीन वेळा टाइप केलं. पहिल्या दोन वेळा 'अद्याप पुरेसा प्रतिसाद नाही' असं लिहिलं होतं. तसं लिहिलं तर ते बाबांना प्रयोगात घेणार नाहीत हे मला माहीत होतं.

फोनवर तू विचारलंस, "ताई, एकदम कसं काय?" तेव्हा आई शेजारी उभी होती. आता सांगते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, भोगीच्या भाजीला मंडईत जाऊ. किती महिन्यांनी ते असं काही म्हणाले होते. रिक्षा केली. हिराबाई आठवते? वाटाण्याची, आपल्याला लहानपणी मूठभर शेंगा फुकट द्यायची ती. तिने बाबांना आधी ओळखलंच नाही. मग म्हणाली, "साहेब, किती वाळलासा. लेक जेवाया घालत न्हाई व्हय?"

"जेवण हिची आई घालते," बाबा म्हणाले. "ही फक्त सुया घालते."

हिराबाई हसली, मीही हसले. वांगी, पावटा, हरभरा, गाजरं झाली. पिशवी त्यांनी मला घेऊ दिली नाही आणि दहा पावलांवर स्वतःच खाली ठेवली. पायरीवर बसले. मीही बसले. माणसं आमच्या अंगावरून जात होती. समोरच्या पेरूंकडे बघत ते म्हणाले, "एकसष्ट वर्षांचा पुरुष. एक वर्ष उपचार. हा कोण गं?"

"कुठला?"

"तुझ्या तक्त्यावरचा. नमुना क्रमांक चार. बाकी तिघांच्या रेषा खाली उतरतात, याची आपली सरळ जाते. मला वाटलं कागद वाकडा लागला. काढून परत लावला. तरी सरळच."

नमू, आता तू हे नीट वाच. सप्टेंबरमध्ये बाबांच्या अस्थिमज्जेतल्या वीस पेशी तपासल्या. विसांपैकी विसांत या आजाराची खूण असलेला, बिघडलेला गुणसूत्राचा तुकडा होता. वर्षभराच्या इंजेक्शनांनी एकही पेशी सुधारली नव्हती. मी तुला सात हजाराचा आकडा कळवला, तो खरा होता, पण तो इंटरफेरॉनने आलेला नव्हता. बाबा पहिल्या दिवसापासून एक साधी, जुनी कॅप्सूल घेतात. तिने रक्तातली गर्दी कमी होते, आजार हलत नाही. हे मला माहीत होतं आणि तुला विचारायचं सुचणार नाही हेही माहीत होतं.

तपासणीतून उरलेला थेंब मी बाबांची सही घेऊन प्रयोगशाळेत नेला होता. त्यांच्या पेशी वाढवल्या, अर्ध्यांना इंटरफेरॉन दिलं, अर्ध्यांना नाही. दोन्ही सारख्याच वाढल्या. गोठवून ठेवलेल्या पेशींवर पुन्हा केलं, मग पुन्हा. प्रत्येक वेळी तेच. निरोप पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत होता, पहिलं प्रथिन जागं होत होतं आणि केंद्रकापर्यंत काहीच जात नव्हतं. इतका स्वच्छ निकाल मला तोवर मिळालेला नव्हता. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "हा तुझा सबंध एक अध्याय आहे." मला आनंद झाला. तो होता कामा नये हे कळेपर्यंत तो होऊन गेला होता.

आणि हे सगळं मी हैदराबादला एका भिंतीवर लावून दोन दिवस त्याच्या शेजारी उभी राहिले. जो येईल त्याला सांगितलं, हा नमुना इंटरफेरॉनला दाद देत नाही. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "मग या रुग्णाचं पुढे काय केलंत?" मी म्हटलं, "डोस वाढवला." ते मान हलवून पुढच्या तक्त्याकडे गेले. अनोळखी माणसांना इंग्रजीत जे सांगता आलं ते तुला मराठीत सांगता आलं नाही.

मंडईच्या पायरीवर मी बाबांना विचारलं, "तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुला हैदराबादला जायचं होतं."

"आणि आल्यावर?"

"वाटलं, आता सांगशील. मग वाटलं, तिचं काहीतरी गणित असेल."

"पण नमूने विचारलं तेव्हा नको का म्हणालात?"

त्यांनी पिशवीतलं एक गाजर काढून पुसलं आणि परत ठेवलं. "ती काय, एक नाही म्हटलं की दुसरं काहीतरी शोधून काढते. तू रोज सुई घेऊन समोर उभी राहतेस. किती जपून हवा काढतेस, टिचकी मारतेस. तुला कसं सांगायचं, की पोरी, हे लागू पडत नाही?"

ते पुढे म्हणाले, "मला अजून थोडं जगायचंय, उत्कर्षा. तसं महत्त्वाचं काम काही राहिलेलं नाही. पण जगायचंय. तू पाठवणार की नाही ते सांग, आणि रिक्षा बघ. हे आपलं बसणं फार झालं."

नमू, ते चव नसलेलं जेवण जेवत होते, केस गळत होते, संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडत होते, आणि हे सगळं माझ्यासाठी सहन करत होते. मी समजत होते की मी त्यांना औषध देते आहे.

तुला वाटेल मी अहंकारापायी असं केलं. अहंकार असता तर मी पहिल्या अहवालानंतरच औषध बदललं असतं, कारण संशोधक म्हणून माझी अब्रू त्यात होती. मला भीती वाटत होती की ती गोळी लागू पडेल. हे वाक्य मी खोडणार नाही. तुझ्या त्या गोळीचं काम मला उत्तम कळतं. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जे चुकीचं प्रथिन तयार होतं, ते रात्रंदिवस पेशीला 'वाढ, वाढ' असं ओरडून सांगतं. त्या ओरडण्यात माझा निरोप कोणाला ऐकू येणार? गोळी जाऊन त्या एकाच प्रथिनाचं तोंड बंद करते. इतकं नेमकं काम मी आजवर कुठे वाचलेलं नाही. नव्व्याण्णवच्या डिसेंबरात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो कागद टेबलावर उलटा ठेवला आणि चहा प्यायला गेले.

ती गोळी तू शोधलेली नाहीस. तरी बरे झाले तर बाबा जन्मभर म्हणतील, नमूने वाचवलं. आई शेजारणींना तेच सांगेल. मी इथे राहिले, तू गेलीस. मी कमी पगारात तोच आजार शिकत बसले, तू एका दुपारी तीन शब्द टाइप केलेस आणि तुला उत्तर सापडलं. लहानपणी तुला ताप आला की बाबा ऑफिसला जात नसत. मला आला तर म्हणत, उत्कर्षा शहाणी आहे, ती झोपेल. मी झोपत असे. बाबा आजारी पडले तेव्हा मला दुःख झालं, आणि त्याच आठवड्यात असंही वाटलं, की आता ही गोष्ट माझी आहे, यात नमूला काही कळत नाही. तू त्यातही आलीस.

आता हे लिहून झालं. पुढचं कामाचं.

काल त्यांना शेवटचं इंजेक्शन दिलं. नवीन औषधाआधी काही दिवस ते बंद ठेवावं लागतं. बाबांनी नेहमीसारखं पोट उघडं केलं आणि मी सुई काढल्यावर म्हणाले, "सवय झाली होती." मग आत जाऊन तुझ्याकडे न्यायचे शर्ट बाहेर काढून ठेवले.

विमानात आई त्यांच्याबरोबर आहे, पण तिला इंग्रजीची भीती वाटते आणि ती ते कबूल करणार नाही. व्हीलचेअर मागून ठेव. बाबा नको म्हणतील, तरी माग. सगळे अहवाल तारखेने लावून दिले आहेत, विसांपैकी वीस लिहिलेला सर्वांत वर आहे. तिथल्या डॉक्टरांनी काही विचारलं आणि तुला कळलं नाही तर 'ठीक आहे' म्हणू नकोस, मला फोन कर, मी कधीही उचलीन. त्यांना सकाळी चहाबरोबर काहीतरी खारं लागतं. आणि त्यांना काम दे. पडदे बसवायला सांग, फडताळं आखायला सांग, काहीही, पण मोजमापाचं दे.

तीन महिन्यांनी ते पुन्हा अस्थिमज्जा तपासतील. 'छान आहे', 'सुधारतंय' असं मला कळवू नकोस. विसांपैकी किती, तेवढं कळव. ते विसांपैकी शून्य निघालं तर त्या दिवशी मला फोन करू नकोस. आईला कर, सुदर्शनच्या घरच्यांना कर, हवं तर हिराबाईला निरोप दे. मला दोन दिवसांनी कर. पहिल्या दिवशी मला तुझा मत्सर वाटेल, आणि मला तो तुझ्या आवाजासमोर वाटायला नको आहे. दुसऱ्या दिवशी मी तो अध्याय लिहायला घेईन. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोनजवळ बसलेली असेन, आणि बाबांना दे म्हणेन.

त्यांना सुखरूप उतरवून घे.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि आता तुझ्यावरच भिस्त असलेली,
ताई